नाशिकमध्ये राहून अस्वलांच्या अधिवासासाठी काय करता येईल?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मागच्या महिन्यात आम्ही सहकुटुंब बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात गेलो होतो. तेथे संध्याकाळी एक अस्वल वारूळ उकरताना दिसले. पुढच्या नख्यांनी त्याने माती ओढून काढली, तोंड भोकात घातले आणि मग भाता ओढल्यासारखा जो आवाज सुरू झाला, तो गाडीत बसूनही आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. माझी नऊ वर्षांची मुलगी दहा मिनिटे एक शब्द बोलली नाही.

माझ्या लहानपणी पंचवटीत दरवेशी अस्वल घेऊन येत असत आणि त्याच्या नाकातून ओवलेली दोरी मला अजून आठवते. आता आपल्याकडे वन्यप्राणी म्हटले की उसातल्या बिबट्याचीच चर्चा होते. अस्वलांचे जंगल टिकावे यासाठी शहरात राहणाऱ्या माणसाने देणगीखेरीज नेमके काय करावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

डोंगरवाट

आपण ऐकलेल्या आवाजामागे त्या प्राण्याची सगळी शरीररचना आहे. आपल्याकडच्या अस्वलाला (इंग्रजीत स्लॉथ बेअर) वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते आणि धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटते. भारतात अस्वलांच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी ही जात भारतीय उपखंडाबाहेर कोठेही नाही, म्हणून तिला राखण्याची जबाबदारी प्रामुख्याने आपलीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, उंबरे, मोहाची फुले आणि बहाव्याच्या शेंगा हा तिचा आहार. फळांच्या बिया विष्ठेतून दूरवर पडतात आणि रुजतात, म्हणजे जंगल लावण्याचे कामही ती करते. तिला दिवसा विसाव्यासाठी आणि पिलांना जन्म देण्यासाठी खडकांच्या कपारी लागतात. आपण ज्याला पडीक, खडकाळ माळ म्हणतो आणि खडीसाठी सहज फोडून टाकतो, तेच तिचे घर असू शकते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मोहफूल (नाशिकरोड)

माझे माहेर गोंदिया जिल्ह्यात आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला बायका जंगलात जातात आणि नेमके त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही येते. ते वाघाच्या शेजारात वाढलेले जनावर आहे. अचानक समोरासमोर आले तर पळण्याऐवजी अंगावर येते, आणि पाठीवर पिले असलेली मादी तर हमखास. माझ्या चुलत आजीच्या चेहऱ्यावर तशी जखम होती. तरीही तिने अस्वलाला कधी दुष्ट म्हटले नाही. "वेळ त्याची होती, मी लवकर गेले," एवढेच ती सांगत असे.

खरे नुकसान होते ते आगीने. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, वाऱ्याने वणवा पसरतो आणि वाळवीपासून नव्या रोपांपर्यंत सगळे जळते. पुढच्या हंगामात रानात खायला कमी उरले की जनावर शेतातल्या मक्याकडे आणि भुईमुगाकडे वळते, आणि गावकऱ्यांचा राग वाढतो. काही गावांत झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करतात, त्यामुळे आग लावावी लागत नाही आणि पहाटे अंधारात जाण्याचेही कारण उरत नाही. अशा जाळ्यांसाठी एखाद्या गावाला मदत करणे ही देणगीच असली, तरी ती थेट जंगलात पोहोचते. मोहाचे पदार्थ विकत घेताना फुले कशी गोळा केली, हे अवश्य विचारा. घेणाऱ्यांनी विचारले की गोळा करणाऱ्यांपर्यंत ते पोहोचते, असा माझा अनुभव आहे.

सह्यसखा

गोदाकाठ यांनी दरवेशांचा उल्लेख केला म्हणून सांगतो. २००९ च्या सुमारास ही प्रथा भारतात जवळजवळ संपली, कारण कायद्याच्या जोडीला त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यात आला. मात्र अस्वलाचा केस किंवा नख घातलेले ताईत जत्रांत आजही विकले जाताना मी पाहिले आहेत. ते खरे असोत वा खोटे, घेऊ नयेत. विक्री दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवावी, आणि जवळून छायाचित्र मिळावे म्हणून वाटाड्याला गाडी पुढे घ्यायला लावू नये.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मोहफूल ताई, आपल्या माहेरच्या परिसरात जाळ्या वापरणारे एखादे गाव असेल, तर कृपया व्यक्तिगत संदेशातून कळवावे. १२ ऑक्टोबरला आपल्या या अस्वलाचा जागतिक दिन (वर्ल्ड स्लॉथ बेअर डे) असतो; आमच्या सोसायटीतील मुलांना त्या दिवशी मुलगी स्वतः त्या वारुळाची गोष्ट सांगणार आहे आणि आवाजही काढून दाखवणार आहे. तिचा सराव सुरू झाला आहे.