मदत हवी आहे: स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की तिच्यासारखी स्वस्तातली?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, दोन-चार घेऊन विकलेल्या सगळ्यांचा सल्ला हवा आहे. अर्धवट माहिती देऊन सल्ला मागू नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सहा वर्षं वाजवते आहे. पहिली दोन वर्षं अकूस्टिकवर गेली, मग एका मैत्रिणीची जुनी इलेक्ट्रिक हाती आली ती आजपर्यंत. तिने मला खूप शिकवलं, पण आता ती दमली आहे. पहिल्या पाच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांखाली खळगे पडलेत. तिसरी तार सुरात लावताना नटपाशी, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी, ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि सूर एकदम वर उडतो. बेंड करून, म्हणजे बाजूला ओढून, सोडली की तीच तार उतरलेली असते. आमचा चार जणांचा ग्रुप आहे, आठवड्यातून एकदा सराव आणि अधूनमधून कार्यक्रम. गेल्या कार्यक्रमात मी चार वेळा ट्यूनरकडे वाकले, आणि गाणारी मैत्रीण माईकसमोर ताटकळत उभी राहिली. घरी येताना ठरवून टाकलं की आता नवी घ्यायची.

दोन वर्षं पैसे बाजूला टाकते आहे. जमलेत तेवढ्यात फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर येते, आणि मग हातात काही उरत नाही. नाहीतर तिच्याच आकाराची, फारसं नाव नसलेल्या कंपनीची गिटार येते आणि वर एक चांगला ॲम्पही. सध्याचा ॲम्प १० वॉटचा आहे. ड्रम सुरू झाले की मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. मला त्या नावाची ओढ आहे. शाळेत असताना वहीच्या शेवटच्या पानावर मी त्या गिटारचं डोकं काढायचे, सहा खुंट्या एका ओळीत, खाली ती गोलाई. म्हणूनच माझ्या मताचा मला भरवसा वाटत नाही.

दोन्ही गिटारी दुकानात वीस-वीस मिनिटं वाजवून पाहिल्या. फेंडर हातात घेतली आणि डावा हात वरपासून खालपर्यंत फिरवला तर कुठेही काही टोचलं नाही. फ्रेटबोर्डची कड वापरून गुळगुळीत झालेल्या लाकडी पोळपाटासारखी लागत होती. स्वस्तातलीवर तोच हात फिरवला तर प्रत्येक फ्रेटचं टोक तर्जनीला खरचटत गेलं. तारा उंच होत्या, बार कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात) अंगठा दुखून आला. सातव्या ते नवव्या फ्रेटवर चौथी तार झणझणत होती. पण ॲम्पला लावून सावकाश वाजवली तेव्हा नेकपाशी (मानेपाशी) असलेल्या पिकअपचा, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचा, आवाज मला फेंडरपेक्षाही आवडला. ते काही पटेना, म्हणून पुन्हा ऐकला. पुन्हा आवडला.

मला विचारायचंय ते असं. हातांना जाणवलेला फरक पुढेही राहणार का, की तो काढता येतो? ज्यांनी नावाची गिटार घेतली त्यांना ती घेतल्याचं समाधान टिकलं का? आणि ज्यांनी स्वस्तातली घेतली, त्यांच्या मनात दुसरी घोळत राहिली का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मी गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे हातापासून सुरुवात करतो. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक सेटअपच्या, म्हणजे जुळवणीच्या आहेत. फ्रेटची टोकं कानशीने घासून गोल करता येतात, तासा-दोन तासांचं काम. तारांची उंची ब्रिजवरच्या (अंगावर तारा टेकतात त्या भागावरच्या) स्क्रूने खाली येते. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांत साधारण १.६ मिमी अंतर असलं की बहुतेकांच्या हाताला बरं वाटतं. दुकानात ती स्केल लावून मोजा. दोघींवर तारा कोणत्या आहेत तेही विचारा. एकीवर ०९ च्या आणि दुसरीवर १० च्या (म्हणजे थोड्या जाड) असतील तर तुमच्या अंगठ्याने तारांची तुलना केली आहे, गिटारींची केलेली नाही.

मला खटकतोय तो सातव्या-नवव्या फ्रेटवरचा झणझणाट. तारा उंच असूनही एकाच ठिकाणी झणझणतंय म्हणजे एखादा फ्रेट वर आलाय किंवा नेक सरळ नाही. पहिली गोष्ट बरी होते, दुसरी होईलच असं नाही. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून ब्रिजच्या बाजूने नेकवरून नजर टाका. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा सारख्या दिसायला हव्यात. नेकला अगदी किंचित पोट असणं ठीक आहे, साधारण पाव मिलिमीटर, ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळईने, कमी-जास्त होतं. पण नेकला पीळ असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली जाताना दिसली, तर ट्रस रॉड तिथे कामाचा नाही. तसली गिटार घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

आणखी एक. तुमच्या जुन्या गिटारमधलं ‘टिंग’ नटच्या खाचेतून येतं. खाच तारेला अरुंद पडते, तार तिथे अडकते आणि एकदम सुटते. बेंड करताना थोडी तार नटवरून तुमच्याकडे ओढली जाते, परत जात नाही, म्हणून ती उतरलेली राहते. नवी येईपर्यंत तिसरी तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचं टोक दोन-चारदा फिरवा. पेन्सिलीतलं ग्राफाइट तारेला सरकवतं. आजच करून बघा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१.

नावाबद्दल थोडं. ‘मूळ’ आणि ‘स्वस्त’ यांच्यातली रेघ आपण समजतो तितकी ठळक नाही. फेंडरने १९६५ मध्ये स्क्वायर नावाची तारा बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली आणि १९८२ पासून ते नाव स्वतःच्याच स्वस्त गिटारींवर लावलं. गिब्सन या दुसऱ्या नावाजलेल्या गिटार कंपनीच्या घरात एपिफोन हे नाव १९५७ पासून आहे. म्हणजे स्वस्त पर्याय बऱ्याचदा त्याच कंपनीचा असतो. यामाहाची पॅसिफिका १९९० पासून बाजारात आहे आणि शिकणाऱ्यांना आजही तिचं नाव सुचवलं जातं.

स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ मध्ये. तीन पिकअप, पोटाला आणि कोपराला लागू नये म्हणून घासून उतरवलेलं अंग, स्प्रिंगवर हलणारा ब्रिज. या आकाराच्या गिटारी आज असंख्य कंपन्या करतात. डोक्याचा आकार मात्र फेंडरचा राखीव आहे, म्हणून इतरांची डोकी वेगळी दिसतात. तुम्ही वहीत जे काढायचात ते तेवढंच इतरांकडे मिळणार नाही, आणि ते तुम्हाला महत्त्वाचं असेल तर ते हिशेबात धरा. त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद ३

मी नावाची घेतली. नऊ वर्षं झाली.

समाधान टिकलं का विचारलंत. हो, टिकलं. भिंतीवर अडकवलेली असते, येता-जाता दिसते आणि हात आपोआप तिकडे जातो. माझा रोजचा सराव तिच्यामुळे वाढला हे मी मनापासून सांगतो. विकायची वेळ आली तर नावाच्या गिटारला गिऱ्हाईक लवकर मिळतं, तेही खरं. फक्त वापरलेली घ्यायची ठरवलीत तर सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या, नकली डोकी लावलेल्या गिटारी फिरत असतात.

पण माझ्याकडे तेव्हा चांगला ॲम्प आधीच होता. तुमच्याकडे नाही.

प्रतिसाद ४

शेवटचं वाक्य अधोरेखित.

तार हलते, पिकअपच्या चुंबकाच्या क्षेत्रात ढवळाढवळ होते, तांब्याच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो. गिटार इथपर्यंतचं काम करते. ऐकू येणारा आवाज ॲम्प आणि त्याचा स्पीकर घडवतात. तुम्हाला बँडमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर कुठलीही स्ट्रॅटोकास्टर तो ऐकवणार नाही. नवी गिटार घेऊन पहिल्या सरावाला जाल आणि ड्रम सुरू झाले की पुन्हा बोटांकडे बघून वाजवाल. हे माझ्याबाबतीत झालंय, फार वाईट वाटतं.

दुकानात आणखी एक करा. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच असेल तर आवाज वाढवा, तारांवर हात ठेवा आणि एकेका जागेवर गुणगुण ऐका. एकेरी कॉइलची पिकअप गुणगुणतातच. पण आजकालच्या बऱ्याच गिटारींत मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे दोन पिकअप एकत्र चालतात, गुणगुण लक्षात येईल इतकी कमी व्हायला हवी. नॉब फिरवताना खरखर येते का तेही बघा. मात्र खरखर आली म्हणून गिटार नाकारू नका, नॉबखालचे भाग बदलणं सोपं असतं. पिकअपही बदलता येतात. नेक बदलणं म्हणजे जवळपास नवी गिटार.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिलीचा उपाय काल रात्री केला. ‘टिंग’ बंद! चार वर्षं मी खुंट्यांना दोष देत होते.

आज पुन्हा दुकानात गेले, स्केल घेऊन. फेंडरवर तारा बाराव्या फ्रेटला १.६ च्या आसपास, स्वस्तातलीवर जवळजवळ २.५. तारा दोघींवर वेगळ्या, फेंडरवर ०९, दुसरीवर १०. म्हणजे अंगठ्याची तक्रार बरोबर होती, आरोपी चुकीचा होता. नेकवरून नजर टाकली. मला नीट कळलं नाही, पण जाड तारांच्या बाजूची कड मधोमध जरा खाली गेल्यासारखी वाटते. हा पीळ आहे का?

प्रतिसाद १ मधला दुरुस्तीवाला

फोटोशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. सोपी परीक्षा अशी: चौथी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला जोडलीय त्या फ्रेटवर एकदम दाबा. आता तार सरळ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट दिसते ते बघा. मग तेच पहिल्या आणि सहाव्या तारेवर करा. दोन्ही बाजूंच्या फटींत बराच फरक असेल तर पीळ धरून चाला.

आणि एक विनंती. दुकानदाराकडे त्याच मॉडेलची दुसरी असेल तर ती मागा. स्वस्त गिटारींत एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या निघतीलच असं नसतं, आणि हे नावाच्या गिटारींतही घडतं, फक्त कमी. मॉडेल आवडलं म्हणून समोर टांगलेलीच घ्यायला हवी असं नाही.

धागाकर्ती

मंडळी, निर्णय झाला, म्हणून कळवायला आले.

परीक्षा केली. सहाव्या तारेखाली फट स्पष्ट दिसत होती, पहिलीखाली कागदही सरकेना. दुकानदाराला दाखवलं तर त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि ती गिटार बाजूला ठेवली. आतून त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी आणली. तिच्यावर ०९ च्या तारा चढवल्या, उंची फेंडरइतकी केली. मग मी एका बाकावर चाळीस मिनिटं बसले, आलटून पालटून दोघी वाजवल्या, डोळे मिटून. सोबत आलेल्या मैत्रिणीने गिटारी हातात द्यायच्या, मी काही विचारायचं नाही, असं ठरवलं होतं.

कोणती कोणती ते मला कळत होतं, खोटं सांगणार नाही. फ्रेटची टोकं अजून लागत होती. पण बेंड दोन्हीकडे स्वच्छ, बाराव्या फ्रेटच्या पुढेही तार मरत नव्हती, झणझणाट नाही. आणि नेकपाशी असलेल्या पिकअपवर आले की दरवेळी मी त्या दुसरीवर जास्त वेळ थांबायचे. हे मैत्रिणीने मोजून सांगितलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरीच घेतली. सोबत ४० वॉटचा, १२ इंची स्पीकरचा ॲम्प. काल सरावात तिसऱ्या गाण्यात ड्रम पूर्ण जोरात होते आणि मी वाजवलेला एक चुकीचा सूर मला स्पष्ट ऐकू आला. मला इतका आनंद झाला की मी वाजवणं थांबवून हसत सुटले.

फेंडर परत भिंतीवर टांगताना मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून आले. ती हुरहूर आहे. आज आहे.

आता फ्रेटची टोकं घासायला गिटार कारागिराकडे द्यायची आहे. तेव्हाच प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवून घ्यावा, की तिसऱ्या तारेचा त्रास पुन्हा नको म्हणून ग्राफाइटचा? ब्रिजचा दांडा मी अगदी क्वचित वापरते. दुरुस्तीवाले दादा, तुमचं मत सांगाल का?