डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे वेळ खाणं?

अबोली७:
काल इथे एकांनी लिहिलं की हार्टच्या बाबतीत पेशंटने गप्प बसावं, दिलेली गोळी घ्यावी, प्रश्न विचारणारे डॉक्टरचा वेळ खातात. वाचून डोकंच फिरलं. माझे वडील ५१ व्या वर्षी अटॅकने गेले. मी चार वर्षं चेकअपला जात होते, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सगळं व्हायचं, पण घरात कुणाला काय झालं होतं हे ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपलाही धोका वाढतो, हे मला कळलं तेव्हा मी ४३ ची होते, तेही मीच विषय काढला म्हणून. मग त्याच रिपोर्टमधल्या त्याच एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू झाली. आधीची चार वर्षं कोणी खाल्ली?

मुक्कामपोस्ट:
ते मीच लिहिलं होतं आणि तुम्ही अर्धंच उचललंत. माझी बहीण डॉक्टर आहे, बाहेर रांग लागलेली असताना एकेक जण फॉरवर्ड काढून दाखवत बसतो, रोज डोकं धरून घरी येते ती. फॅमिली हिस्टरी सांगा की, ती माहिती आहे. पण दर महिन्याला 'स्टॅटिन बंद करू का' विचारणारे?

रानवारा:
विचारणारच! गोळी सुरू झाल्यावर माझ्या पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणे वयामुळे होतं. दिली सोडून, कुणाला न सांगता.

मुक्कामपोस्ट:
हा शुद्ध मूर्खपणा आहे. २०२० ची सॅमसन ट्रायल वाचा. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच नाही असं ठेवलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्या बिनऔषधी गोळीवरही झाला.

रानवारा:
म्हणजे मी नाटक करतेय? जिना तुम्ही चढलात का माझ्या पायांनी?

मुक्कामपोस्ट:
नाटक कोण म्हणतंय? दुखणं खरंच असतं, पण कारण गोळीच असेल असं नाही, एवढंच. आणि गोळीच असली तरी डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते, सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते, तपासता येतं. पण परत जाऊन सांगायला नको का?

अबोली७:
सांगायला नको का! मी कालपासून दुसरं काय म्हणतेय?

जुनाखोड:
तुमचं स्टॅटिन पुराण चालू द्या, पण बीपीबद्दल कुणी बोलणार आहे का? धापा टाकत आत गेलं की लगेच पट्टा गुंडाळतात, तोही शर्टाच्या बाहीवर, वर आपल्याशी गप्पा. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या लेव्हलला, हे कोण करतं? माझा वरचा आकडा तिथे १५८, घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजलं तर १२६-१२८. वही नेऊन समोर ठेवली तेव्हा कुठे वाढवलेला डोस कमी झाला.

मुक्कामपोस्ट:
बरं, 'गप्प बसावं' हे चुकलं माझं, मागे घेतो. फॉरवर्डवाल्यांबद्दलचं मत मात्र तेच.

रानवारा:
सोमवारी जाते परत, सीकेचं विचारते. पुन्हा वयावर ढकललं तर डॉक्टर बदलणार, मग म्हणा वेळ खाते.