मुलाच्या छातीतील खळगा : शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

कृष्णाकाठ :
माझ्या मुलाचे वय १३ वर्षे आहे. छातीच्या मधोमध, बरगड्या जिथे संपतात त्याच्या किंचित वर, त्याला लहानपणापासून थोडा खळगा होता. परंतु गेल्या वर्षभरात उंची झपाट्याने वाढली आणि त्याबरोबर खळगाही खोल झाला. पोहायला जाण्याचे नाव काढले तरी तो विषय बदलतो, आणि मैदानावर धावताना त्याला बरोबरीच्या मुलांआधी धाप लागते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की दंड-बैठका घातल्या की छाती भरून येईल. एका डॉक्टरांनी हा केवळ दिसण्याचा प्रश्न असल्याचे सांगून आम्हांला परत पाठवले. शस्त्रक्रिया करावीच लागते का? थांबल्यास योग्य वेळ निघून जाईल का?

बालशल्यचिकित्सक :
ताई, आपण वर्णन केले आहे त्यावरून हे पेक्टस एक्सकॅव्हेटम असावे. साधारणपणे ३०० ते ४०० मुलांमागे एकात ते आढळते, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. बरगड्यांना छातीच्या मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चांची (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागांची) वाढ बिघडल्यामुळे ते हाड आत ओढले जाते, आणि वयात येताना शरीर भराभर वाढते म्हणून नेमक्या याच काळात खळगा वाढलेला दिसतो. आपल्या खाऊ घालण्यात किंवा सांभाळण्यात काही उणे राहिल्यामुळे हे झालेले नाही. व्यायामाने स्नायू भरतात आणि पोक काढून उभे राहण्याची सवय सुटते, म्हणून तो अवश्य करावा. मात्र कूर्चा त्याने सरळ होत नाहीत.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे, असे तपासणी केल्याशिवाय म्हणता येत नाही. सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी मोजतात आणि तिला मधले हाड व मणका यांमधील सर्वांत कमी अंतराने भागतात. या गुणोत्तराला हॅलर निर्देशांक म्हणतात. ही पद्धत १९८७ मध्ये मांडली गेली. निर्देशांक सर्वसाधारण छातीत २.५ च्या आसपास असतो आणि ३.२५ च्या पुढे गेल्यास खळगा तीव्र समजतात. त्यासोबत हृदयाची सोनोग्राफी आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्यावी. मुलगा उंच व सडपातळ असेल, बोटे लांबसडक असतील आणि हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर उंचीपेक्षा जास्त भरत असेल, तर मार्फान सिंड्रोमची, म्हणजे शरीरातील जोडऊती कमकुवत करणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका घेऊन महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) व डोळेही तपासावे लागतात. ही पायरी मी कधीही गाळत नाही, कारण तिथे खरा धोका छातीच्या हाडाला नसून महाधमनीला असतो.

वेळ निघून गेलेली नाही. किंबहुना फार लवकर शस्त्रक्रिया करणे घातक ठरू शकते : अगदी लहान वयात कूर्चा मोठ्या प्रमाणात काढून टाकलेल्या काही मुलांची छाती पुढे वाढलीच नाही आणि त्यांना श्वास घेणे कठीण झाले, हे, ज्यांच्या नावाने वरील निर्देशांक ओळखला जातो त्या शल्यचिकित्सक हॅलर यांनीच १९९६ मध्ये नोंदवले आहे. छाती लवचिक असेल तर व्हॅक्यूम बेल, म्हणजे खळग्यावर बसवून हातपंपाने हवा काढून घेण्याचे सिलिकॉनचे झाकण, वापरून पाहता येते. सुरुवातीला दिवसातून दोनदा अर्धा तास आणि मग हळूहळू अधिक वेळ, असे ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लावावे लागते. रक्तस्रावाचा विकार, ठिसूळ हाडे किंवा महाधमनीचा आजार असल्यास ते वापरत नाहीत, म्हणून ऑनलाइन मागवून घरच्या घरी सुरू करू नका.

मुलाचा_बाबा :
आमच्या मुलाचा प्रश्न उलटा होता : छातीचे हाड पुढे आलेले, म्हणजे पेक्टस कॅरिनेटम. त्याला शस्त्रक्रिया लागली नाही. मापाने बनवलेला पट्टा लावून हाडावर बेताचा दाब देत राहावे लागले. उपकरण साधे असले तरी ते शाळेच्या शर्टाखाली दिवसभर घालणे मुलाला सोपे नसते. घाम येतो, दाबाच्या जागी कातडी लाल होते आणि मित्र विचारतात. पट्टा केव्हा काढायचा याचा थोडा अधिकार त्याच्याकडे दिल्यावर तो नियमित घालू लागला. आपल्या मुलाच्या बाबतीतही निर्णयाच्या चर्चेत त्याला बसवा, असे मी आग्रहाने सांगेन.

बालरोगतज्ज्ञ_विदर्भ :
हा धागा तान्ह्या बाळांचे आईवडीलही वाचतील, म्हणून एक गोष्ट जोडतो. प्रत्येक श्वासाला बाळाची छाती खालच्या बाजूने आत ओढली जात असेल आणि श्वास जलद चालत असेल, तर ते जन्मजात व्यंग समजून घरी थांबू नये. तो न्यूमोनिया असू शकतो आणि बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मुडदूस झाल्यानेही बरगड्यांचा आकार बिघडतो, परंतु त्यात मनगटे रुंद होणे, पाय वाकणे अशी इतर चिन्हे दिसतात आणि उपचार ड जीवनसत्त्वाचा असतो.

कृष्णाकाठ :
आपणा सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिचे स्वरूप काय असते आणि शाळा किती बुडते?

बालशल्यचिकित्सक :
मार्क रॅविच यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत छाती समोरून उघडून वाकड्या कूर्चा काढतात. अमेरिकेत नॉरफोक येथे डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये कूर्चा न काढता करण्याची पद्धत सुरू केली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीत दोन्ही काखांच्या खाली लहान छेद घेऊन, दुर्बिणीतून पाहत, वाकवलेली पोलादी पट्टी हाडामागून पलीकडे नेतात आणि उलटी फिरवतात. तिच्या रेट्याने हाड त्याच वेळी पुढे येते. पट्टी सुमारे तीन वर्षे आत राहते व नंतर काढतात. निकेलची अ‍ॅलर्जी असल्यास टायटॅनियमची पट्टी घालतात, म्हणून घड्याळाच्या पट्ट्याने किंवा बकलाने कधी पुरळ उठले असेल तर आधी सांगावे. पहिल्या काही दिवसांतील वेदना मोठ्या असतात, हे मी कोणत्याही पालकापासून लपवत नाही. बरगड्यांमधील नसा गोठवण्याचे तंत्र आता काही ठिकाणी वापरतात; त्याने वेदना बऱ्याच कमी होतात, मात्र छातीवर काही महिने बधिरता राहते.

शाळा साधारण दोन ते तीन आठवडे बुडते. त्यानंतरही काही आठवडे जड दप्तर उचलू देऊ नये, आणि पट्टी जागेवरून सरकू नये म्हणून कबड्डी व कुस्ती कधी खेळायची हे शल्यचिकित्सकांना विचारूनच ठरवावे. वार्षिक परीक्षा संपल्यावरची तारीख घेणे सोयीचे पडते. तोपर्यंत दर तीन महिन्यांनी त्याला उताणे झोपवून छातीवर आडवी मोजपट्टी ठेवा, दुसऱ्या मोजपट्टीने खळग्याची खोली मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. तपासणीला येताना ती वही सोबत आणा.