व्हिक्टर रोझोव्ह: सुरुवात कुठून करावी?

विंगेतला: आमच्या नाट्यवाचन गटात पुढच्या महिन्यात सोव्हिएत नाटककार-पटकथाकार व्हिक्टर रोझोव्ह घ्यायचाय. बहुतेक मुलं विशी-बाविशीची. रशियन कुणालाच येत नाही, इंग्रजी चालेल. खर्च पाचशेच्या आत. एकच कलाकृती निवडायची तर कुठली?

कृष्णधवल: 'द क्रेन्स आर फ्लाइंग'. दुसरा विचारच नको. १९५७, दिग्दर्शक कलातोझोव्ह, पटकथा रोझोव्हची, त्याच्याच नाटकावरून. १९५८ मध्ये कान चित्रपट महोत्सवात पाम द'ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार. मी परदेशातून डिस्क मागवली, टपाल धरून साडेतीन हजार गेले. नायक बोरिसला युद्धात गोळी लागते आणि वर बर्चच्या झाडांचे शेंडे गरगर फिरतात, तेवढ्या एका दृश्यात पैसे वसूल. डिस्कच घ्या.

रंगपीठ: अहो, त्यांना वाचायचंय! मूळ नाटक घ्या, 'अलाइव्ह फॉरएव्हर'. १९४३ चं लेखन, सेन्सॉरने अडवलं. १९५६ मध्ये ओलेग येफ्रेमोव्ह आणि त्याच्या तरुण नटांनी ते केलं आणि त्यातूनच 'सोव्रेमेन्निक' थिएटर उभं राहिलं. रोझोव्ह स्वतः मॉस्कोत नट होता. १९४१ मध्ये स्वयंसेवक म्हणून आघाडीवर गेला, जबर जखमी झाला. हे त्याने भोगून लिहिलंय.

कृष्णधवल: चित्रपटाला छायाचित्रकार उरुसेव्स्कीचा कॅमेरा नसता तर हे नाटक आज कुणाला आठवलं असतं?

रंगपीठ: आणि कॅमेऱ्याला नायिका वेरोनिका कुणी दिली? बोरिस आघाडीवर असताना ती त्याच्याच घरातल्या मार्कशी लग्न करते, आणि लेखक तिला गुन्हेगार ठरवत नाही. त्या काळात ही हिंमत लेखणीची होती.

रद्दीतलं_सोनं: जुनी पुस्तकं मागवताना जपून. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने सोव्हिएत नाटकांचा संग्रह पाठवला, शेवटचा अंकच गायब. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. बाकी चित्रपटाला खर्च कशाला? मोसफिल्म या रशियन चित्रपट-स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट आहे, इंग्रजी सबटायटल्ससह.

पुष्पाताई: वर सांगितलंय तेच सांगते, क्रेन्स. फोनवर नको, मोठ्या पडद्यावर बघा. नंतर 'लेटर नेव्हर सेंट'ही बघा, सैबेरियात हिरे शोधणाऱ्यांची गोष्ट. तिच्याही पटकथेत रोझोव्ह आहे.

तिसरी_घंटा: मुलं विशीतली असतील तर 'इन सर्च ऑफ जॉय' बघा, १९५७ चं नाटक. घरात थोरल्या सुनेने नव्या फर्निचरची रास लावलेली, कुणी हात लावायचा नाही. धाकट्या ओलेगच्या हातून शाई सांडते, तर ती सून त्याचे पाळलेले मासे खिडकीतून फेकते. मग तो युद्धात गेलेल्या वडिलांची तलवार काढतो आणि फर्निचरवर सपासप घाव घालतो. १९६० मध्ये यावर 'नॉइझी डे' चित्रपट आला, ओलेगच्या भूमिकेत तरुण ओलेग ताबाकोव्ह.

कृष्णधवल: कपाट-टेबलांचं नाटक? युद्धासमोर ते किरकोळच.

तिसरी_घंटा: बाप गेलाय ते युद्धातच ना? बाप कशासाठी गेला, हेच तो मुलगा विचारतोय.

विंगेतला: सगळ्यांचे मनापासून आभार. बहुमत क्रेन्सचं आहे, तरी आम्ही 'इन सर्च ऑफ जॉय' घेतोय. गटात निम्म्यांच्या घरी याच विषयावर रोज वाद चालतात, आणि ओलेगचं वाचन करायला आत्ताच तिघं भांडतायत. ग्रंथालयातून इंग्रजी प्रत मिळतेय, पाचशे रुपये झेरॉक्सला. @तिसरी_घंटा, सुनेचं काम कुणाला द्यावं? तिला खलनायिका करायची नाहीये.

कृष्णधवल: डिस्क हवी असेल तर माझी घेऊन जा. पण परत द्या.