फॅमिली ग्रुप: छोटूची कार सीट विमानात न्यायची की सामानात टाकायची?

वहिनी: सगळ्यांना एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं विमानाने चाललोय. छोटू अजून दोन वर्षांचा नाही, म्हणून त्याला वेगळी सीट घेतलेली नाही, मांडीवर बसेल. पण उतरल्यावर पुढे गाडीचा लांबचा प्रवास आहे, तेव्हा त्याची कार सीट न्यावीच लागेल. ती सामानात टाकावी की वर आपल्याबरोबर घ्यावी? कोणी नेलीय का आधी?

दादा: मी म्हणतोय सामानात टाकू. बहुतेक कंपन्या लहान मुलांची सीट फुकट नेतात. विषय संपला.

काका: फुकट नेतात हे खरं. कशी नेतात ते माझ्याकडून ऐक, सगळी नोकरी सामानाच्या विभागात गेली माझी. बॅगा पट्ट्यावरून घसरतात, एकमेकींवर आदळतात, ट्रॉलीवरून खाली पडतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण विमान सुटायची घाई असते आणि हलकी, वेड्यावाकड्या आकाराची वस्तू नेहमी ढिगाच्या वर ठेवतात, म्हणजे पडते तीच. सीटचं कवच प्लास्टिकचं आणि आत थर्माकोलसारखा फोम. बाहेरून काही दिसत नाही आणि आतला फोम तडकलेला असतो.

दादा: मग सामानात टाकूच नये का?

काका: टाकतात की लोक. मूळ खोकं असेल तर त्यात घाल, नसेल तर जाड अस्तराच्या पिशवीत. जमलं तर विमानाच्या दारापर्यंत स्वतः ने आणि तिथे दे, म्हणजे पट्ट्यांवरचा प्रवास तरी वाचतो. उतरल्यावर कापड काढून कवचाला चीर आहे का, फोम तुटलाय का, पट्टे आणि बकल नीट चालतात का ते तिथेच बघ. घरी पोचल्यावर बघून उपयोग नाही, तोवर मूल त्यात बसून आलेलं असतं.

आजी: एवढा सोस कशाला? तुम्हा सगळ्यांना मांडीवर घेऊनच हिंडवलं आम्ही. आईच्या हातात मूल जितकं जपलं जातं तितकं कुठे जपलं जाणार?

ताई: आजी 🙏 आता आत्या टाइप करतेय बघ. दहा मिनिटं झाली "टायपिंग" दिसतंय.

आत्या: हो, करतेय. आई, तुझं माया म्हणून बरोबर आहे, पण वजन म्हणून नाही. विमानातल्या सीटा पुढच्या दिशेने १६ जीचा, म्हणजे वजनाच्या १६ पट जोराचा, धक्का सोसतील अशा तपासलेल्या असतात. म्हणजे तेवढ्या धक्क्यात माणूस, पट्टा आणि सीट जागेवर राहावी अशी अपेक्षा. छोटू ११ किलोचा. तेवढ्या धक्क्यात तो क्षणभर पावणेदोनशे किलोचा होतो. आता सांग, पावणेदोनशे किलो हातात कोण धरून ठेवेल? आई असो नाहीतर पैलवान.

आत्या: आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. केबिन क्रूच्या प्रशिक्षणात आम्हाला एक अपघात शिकवायचे. १९ जुलै १९८९, अमेरिकेतलं सू सिटी, युनायटेडची २३२ नंबरची फ्लाइट. शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला, हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा, सगळी गेली, तरी वैमानिकांनी कसंबसं धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. त्या विमानात मांडीवरची चार बाळं होती. त्या वेळचा नियम असा की आदळण्याआधी बाळाला पायांपाशी जमिनीवर ठेवायचं, भोवती उशा-ब्लँकेटं. मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन यांनी आयांना तेच सांगितलं. चारांपैकी एक बाळ गेलं. बाहेर पडल्यावर ती आई त्यांनाच समोर भेटली. त्यानंतर बाळांना स्वतःची सीट आणि पट्टा हवा म्हणून त्या वर्षानुवर्षं सरकारदरबारी भांडत राहिल्या.

वहिनी: बापरे.

आत्या: आणखी एक सांगते आणि मग घाबरवणं थांबवते. २ जुलै १९९४, अमेरिकेतलंच शार्लट, यूएसएअरची १०१६ नंबरची फ्लाइट. नऊ महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर होती. आई वाचली, मुलगी हातातून सुटली आणि गेली. तिथल्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, अहवालात लिहिलं की ती नीट बांधलेली असती तर बहुधा वाचली असती.

दादा: आत्या, तुझं म्हणणं पटतं. पण इतकं धोक्याचं असेल तर कायद्याने बंदीच का नाही? अजूनही सगळीकडे दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर नेऊ देतातच ना?

आत्या: देतात. एनटीएसबी अनेक वर्षं सक्ती मागतंय. एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतूक नियामक संस्था, बाळाला स्वतःच्या सीटमध्ये बांधा असं जोर देऊन सांगते, पण सक्ती करत नाही. २००५ मध्ये त्यांनी हा विषय बाजूला ठेवला. कारण काय दिलं ऐक. बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर बरीच कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. म्हणजे नियम मुलं वाचवण्यापेक्षा जास्त मुलं घालवेल.

काका: हिशेब चुकीचा नाही म्हणायचा.

आत्या: हिशेब बरोबरच आहे, पण तो सगळ्या देशाच्या कुटुंबांचा मिळून आहे. ह्यांच्या घरात तो लागू होतच नाही. ह्यांनी विमान ठरवलंय, तिकिटं काढलीत. छोटूची सीट घेतली नाही म्हणून हे गाडीने जाणार आहेत का? नाही. मग ह्यांच्यापुढे प्रश्न एवढाच उरतो: विमानात छोटू बांधलेला असावा की नसावा.

ताई: 👏👏

आत्या: आणि अपघात सोडा, ते क्वचित. रोजचा त्रास हादऱ्यांचा. स्वच्छ आकाशात, काही सूचना नसताना विमान एकदम खाली जातं. पट्टा न लावलेली माणसं छताला लागलेली मी पाहिलीत. मांडीवर झोपलेल्या बाळाला कुठला पट्टा? ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ फ्लाइटला सुमारे १५,००० फुटांवर दाराच्या जागी बसवलेला भिंतीचा तुकडाच उडून गेला. त्या विमानातही मांडीवरची तीन बाळं होती. भोकाजवळच्या दोन सीटा रिकाम्या होत्या हे नशीब.

काका: 🌞🌹 सुप्रभात. हसत राहा, स्वस्थ राहा. 🌹🌞

ताई: काका, रात्रीचे साडेनऊ वाजलेत.

काका: सॉरी, दुसऱ्या ग्रुपचं इकडे पडलं.

वहिनी: आत्या, पण मागे एकदा माझ्या पट्ट्यात अडकवायला छोटा पट्टा दिला होता ना त्याच्यासाठी? तो नाही चालत?

आत्या: तो लूप बेल्ट. युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी तोच देतात. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र मान्य नाही. त्याने बाळ उडून जात नाही, हादऱ्यांत उपयोग होतो. पण जोराच्या धक्क्यात मोठं माणूस कमरेतून पुढे दुमडतं आणि मध्ये बाळ असतं. पुढचं लिहीत नाही. काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच म्हणेन.

वहिनी: आणि पहिल्या ओळीतला तो पाळणा?

ताई: त्याला वजनाची मर्यादा असते, साधारण १०-११ किलोच्या आसपास, कंपनीगणिक वेगळी. छोटू त्यात आता मावायचाही नाही. शिवाय उड्डाणाला, उतरताना आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला बाहेर काढावंच लागतं. म्हणजे गाढ झोपलेलं मूल उठवायचं.

दादा: ठीक आहे, समजा सीट घेतली. आमची कार सीट विमानात बसेल कशावरून?

ताई: हा खरा प्रश्न. आम्ही ह्यातून गेलोय, सांगते. आधी सीटच्या कवचावर मागे-खाली स्टिकर शोध. अमेरिकन सीट असेल तर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरण्यास प्रमाणित आहे. युरोपीय असेल तर आर४४ किंवा आर१२९ ह्या तिकडच्या मानकाचं नारिंगी लेबल असतं, पण तेवढ्यावर प्रत्येक कंपनी विमानात घेईलच असं नाही. काही सीटांवर टीयूव्ही ह्या जर्मन तपासणी संस्थेचं विमानासाठीचं वेगळं लेबल असतं, ते असेल तर वाद होत नाही. सापडलं की फोटो काढून फोनमध्ये ठेव. विमानात सीट बांधून झाल्यावर क्रू विचारतात आणि तेव्हा ती उलटी करून दाखवायला जागा नसते.

दादा: आमची आयसोफिक्सवाली आहे, गाडीतल्या हूकांना अडकवायची.

ताई: विमानात आयसोफिक्सचे हूक नसतात. वरचा टेदर, म्हणजे सीटच्या माथ्याचा पट्टा, अडकवायला जागा नसते, खालचा आधाराचा पायही टेकत नाही. असतो फक्त कमरेचा पट्टा, खांद्याचा नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये बघ की सीट नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बांधता येते का. बऱ्याच नव्या सीटा फक्त आयसोफिक्सवर किंवा खांद्यासकटच्या पट्ट्यावर बसतात. तसं असेल तर ती विमानात काही कामाची नाही आणि काकांच्या खोक्यातच जाईल.

दादा: बघतो. थांब.

दादा: पट्ट्याने बसते. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, दोन्ही तोंडांचं. स्टिकरही सापडलं, लाल अक्षरंच आहेत. बिस्किटाचा चुरा पुसला तेव्हा दिसलं 😅

ताई: छान. आता रुंदी मोज. इकॉनॉमीत सीट ४३ ते ४६ सेंटीमीटरची असते. कार सीट ४० च्या आत असेल तर सहसा अडत नाही. थोडी जास्त असली तर आर्मरेस्ट वर करून बसते. पण पहिल्या ओळीत ट्रे आर्मरेस्टमध्येच असतो, म्हणून तो उचलता येत नाही. ती ओळ घेऊच नका. आणि जागा खिडकीची घ्या, कारण बाहेर पडण्याच्या वाटेत कार सीट आलेली चालत नाही. आपत्कालीन दाराची ओळही नको, बऱ्याच ठिकाणी तिच्या पुढची-मागचीही देत नाहीत.

आत्या: पट्ट्यात एअरबॅग असलेल्या सीटाही टाळा. पट्टा जाड दिसतो, लगेच कळतं. त्यावर कार सीट बांधत नाहीत.

वहिनी: मागे तोंड करून बांधायची की पुढे?

ताई: गाडीत जशी बसवता तशीच. मागे तोंड असेल तर समोरच्या माणसाची पाठ मागे जात नाही, आणि तो माणूस तुमच्याकडे वळून वळून बघतो. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या सीटवर दादाला बसवणे. पुढे तोंड असेल तर छोटूचे पाय बरोब्बर समोरच्याच्या पाठीला लागतात आणि तो लाथा मारतो. तेव्हाही समोर दादाच बरा.

दादा: म्हणजे माझं ठरलं.

ताई: बांधताना एक अडचण हमखास येते. पट्टा कवचातून ओवून घट्ट केला की विमानाच्या पट्ट्याचं बकल नेमकं कवचाच्या भोकात अडकतं आणि उतरताना झाकण वर उचलायला जागा उरत नाही. आम्ही सगळं विमान रिकामं होईपर्यंत त्याच्याशी झटत बसलो होतो. बांधतानाच बघ की बकल हाताला लागतंय. लागत नसेल तर क्रूकडे पट्टा लांब करायची जोडपट्टी माग, बकलची जागा सरकते.

आत्या: आणि त्यासाठी लवकर चढा. मुलांबरोबरच्यांना आधी सोडतात तेव्हाच. दादा आधी जाऊन सीट बांधेल, वहिनी मुलांना घेऊन मागून येईल. मुलांना अर्धा तास आधी नेऊन आत कोंडण्यात काही अर्थ नाही.

आजी: आणि बाळ रडलं तर? कानात दडे बसतात वर जाताना.

आत्या: बाटली किंवा गिळायला काहीतरी द्यायचं, सीटमध्ये बसूनच. रडू दे थोडं, आई. बांधलेलं मूल रडतं, पण असतं जागेवर. आणि गाडीत ह्याच सीटमध्ये झोपायची सवय असेल तर विमानातही त्यात डोळा लागतो.

वहिनी: हे मात्र खरं. मांडीवर तो झोपतच नाही हल्ली, सगळीकडे चढतो. बरं, आमच्या मोठ्या चिऊच्या बूस्टरचं, म्हणजे गाडीत उंच बसवायच्या तिच्या सीटचं, काय?

ताई: बूस्टर उड्डाणाला आणि उतरताना चालतच नाही, कारण त्याला खांद्याचा पट्टा लागतो. तो वरच्या कप्प्यात किंवा सामानात जाईल, त्यात फोडण्यासारखं फारसं नसतं. चिऊ साध्या पट्ट्याने बसेल. हवंच असेल तर केअर्स नावाचा पट्टा मिळतो, सीटच्या पाठीभोवती बांधायचा. १० ते २० किलोच्या आणि १०० सेंटीमीटरपर्यंतच्या मुलांसाठी. अर्धा किलोचाही नाही, पर्समध्ये मावतो. पण तो गाडीत चालत नाही.

वहिनी: चिऊ १०४ आहे. मग साधा पट्टाच.

काका: एक विचारू? छोटूचा वाढदिवस कधी? तुम्ही तिकडे असतानाच ना?

वहिनी: हो, पोचल्यावर आठवड्याने.

काका: मग परतीला तो दोन वर्षांचा पूर्ण झालेला असेल. दोन पूर्ण झाले की मांडीवर नेता येत नाही, वेगळी सीट घ्यावीच लागते. तुम्ही तिकीट काढताना जन्मतारीख बरोबर टाकलीय ना?

दादा: थांबा. बघतो.

दादा: परतीच्या तिकिटावरही त्याला "इन्फंट"च दाखवलंय.

आत्या: ते उद्याच दुरुस्त कर. विमानतळावर कळलं तर तिथल्या तिथे तिकीट काढावं लागेल, तेही जागा शिल्लक असली तर.

दादा: म्हणजे एका बाजूचं तिकीट तर काढायचंच आहे. मग जातानाचंही काढतो. नाहीतर आत्या विमानतळावर यायची.

आत्या: येणारच होते.

वहिनी: मी फोन करून विचारलं. छोटूला खिडकी, शेजारी मी, पलीकडे चिऊ, आणि छोटूच्या समोरच्या ओळीत दादा, अशी जागा दोन्ही वेळेला मिळतेय. कार सीटची नोंद करायला त्यांनी मॉडेल आणि रुंदी ईमेलवर मागितलीय.

दादा: ४२ सेंटीमीटर आहे.

ताई: मग आर्मरेस्ट वर होतो का तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घे.

आत्या: आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेव. फोनवर कोणी हो म्हटलं ते दारातल्या क्रूला माहीत नसतं.

दादा: बरं. पाठवतो आत्ताच.