मदत हवी आहे: शिंपले खाद्य घेत नाहीत, चिकट तार सोडून राहिले

हिंगण्याचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. मोत्यांसाठी गोड्या पाण्यातले शिंपले ठेवले आहेत, नागपूरजवळ हिंगण्याकडे. खाद्य रोज वेळेवर टाकतो तरी आतलं मांस बारीक होऊन राहिलं. शिंपल्याच्या फटीतून पांढरट चिकट तार लोंबते, पाणी गढूळ. काही तर उघडे पडले. सगळ्यांचं मोत्यासाठी आत मणी बसवायचं ऑपरेशन झालेलं आहे, थांबायला वेळ नाही. पचन सुधारायला कोणतं औषध टाकू? प्रशिक्षण देणारे आता फोन उचलत नाहीत. लवकर सांगा.

गोदाकाठ
खाद्य कोणतं? टाकं की शेततळं? पाणी कुठलं? हे कळल्याशिवाय औषध कोण सांगणार?

वैनगंगेकाठचा
भाऊ, स्पिरुलिना पावडर टाका. आमच्या भंडाऱ्यात मी तेच टाकतो, शिंपले टणटणीत आहेत.

हिंगण्याचा_शेतकरी
सिमेंटचं टाकं, बोअरचं पाणी. खाद्य नेहमीचंच. औषधाचं बोला ना.

गोदाकाठ
नेहमीचंच म्हणजे काय?

हिंगण्याचा_शेतकरी
सरकी ढेप दळून, सोबत गव्हाचं पीठ. बाजूच्या शेततळ्यात रोहू-कटला ढेपेवरच वाढून राहिले. मग यांनाच काय झालं?

निवृत्त_प्राध्यापक
रोहू घास घेतो, शिंपला पाणी गाळतो. फरक तिथेच आहे. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी तो पाणी आत ओढतो, कण चिकट द्रवात धरतो आणि तोंडापाशी नेतो. तोंडाजवळच्या पाळ्या तिथे निवड करतात. नको असलेलं पोटात न जाताच चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकलं जातं. तुम्हाला दिसते ती तार बहुधा हीच. खरी विष्ठा मागच्या, पाणी बाहेर पडणाऱ्या तोंडातून येते आणि ती घट्ट, तुटक असते. म्हणजे पचन बिघडलेलं नाही, पचायला आत काही जातच नाही. औषध कशावर देणार?

नुकताच मेलेला शिंपला लगेच उघडून पाहा. जठराला लागून काचेसारखी पारदर्शक, लवचिक दांडी असते. ती गोल फिरत जठरातल्या कठीण ढालीवर घासते, झिजते आणि तिच्यातून पाचकरस सुटतात. उपाशी शिंपल्यात ती विरघळून जाते, खायला मिळालं की पुन्हा बनते. उशिरा उघडलात तर काहीच कळणार नाही, मेल्यावरही ती विरघळते.

कोकणातला
आमच्याकडे तिसऱ्या (खायचे शिंपले) काही तास मिठाच्या पाण्यात ठेवतात, वाळू आपोआप सोडतात. मगच सुक्कं करायचं.

गोदाकाठ
दादा, ते मोती काढून राहिलेत, सुक्कं नाही.

कोकणातला
बरं, मग कामाचं सांगतो. समुद्री शिंपल्यांच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथे, आयसोक्रायसिस, किटोसेरॉससारखी जिवंत सूक्ष्म शैवालं वाढवून देतात. खर्च तिथेच होतो, म्हणून यीस्ट आणि सुकवलेल्या शैवालावर बरेच प्रयोग झाले. यीस्टची पेशीभित्ती जाड, ती नीट पचत नाही.

वैनगंगेकाठचा
एवढं कशाला? स्पिरुलिना म्हणजे शैवालच की.

निवृत्त_प्राध्यापक
आहे, पण त्याचे धागे लांब असतात. पावडर अगदी बारीक असेल आणि पाण्यात तरंगत राहिली तरच ती कल्ल्यांपर्यंत पोचते. तळाशी बसलेली कुजते, ऑक्सिजन खाते. ढेप-पिठाचंही तेच होतं आहे.

वैनगंगेकाठचा
माझे शिंपले काय पुस्तक वाचून जगून राहिले का? माझ्या टाक्यातलं पाणी हिरवंच असते.

गोदाकाठ
मग तुमचे शिंपले त्या हिरव्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालावर जगत असतील, पावडरीवर नाही!

हिंगण्याचा_शेतकरी
एक उघडून पाहिला. दांडी दिसली नाही, पाचक ग्रंथी फिक्कट. शेततळ्याचं पाणी हिरवं आहे, ते टाकू का?

निवृत्त_प्राध्यापक
दांडी नाही म्हणजे बहुधा उपाशीच आहेत. टाका, पण कापडातून गाळून आणि थोडं थोडं. आधी टाक्यातला गाळ काढा, ढेप बंद करा. शेततळ्यावर हिरवी साय आली असेल तर ते पाणी घेऊ नका. त्या निळ्या-हिरव्या शैवालात विष असू शकतं, उन्हाळ्यात जास्तच. बोअरच्या ताज्या पाण्यात शैवाल नसतंच, ऑक्सिजनही कमी. ते उघड्यावर साठवा, हवा द्या, शेण आणि थोडं सुपर फॉस्फेट घालून हिरवं होऊ द्या. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर पंजा दिसेनासा झाला की पुरे, त्याहून दाट नको. पाण्याचे नमुने घेऊन माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) नागपुरातल्या तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात जा. सूक्ष्मदर्शकाखाली कोणतं शैवाल आहे ते कळेल.

नवा_उद्योजक
मोत्याला भाव काय मिळतो? अनुदान आहे का?

हिंगण्याचा_शेतकरी
भावाचं नंतर, आधी शिंपले वाचू द्या. सर, शेण ओलं टाकायचं की वाळलेलं? आणि शिंपले त्याच टाक्यात ठेवून चालेल का?

निवृत्त_प्राध्यापक
शिंपले असलेल्या टाक्यात शेण मुळीच नको. दुसऱ्या टाक्यात ओलं शेण पाण्यात कालवून घाला, पाणी हिरवं झालं की तिथलं पाणी इकडे आणा.