चर्चा: ताडोब्याजवळच्या होमस्टेंनी बुकिंग ॲप सोडून थेट व्हॉट्सॲपवर पाहुणे घ्यावेत का?

चिमूरकर:
सोडावं, असं माझं स्पष्ट मत. कोलारा, मोहर्लीसारख्या गेटांजवळ दोन-तीन खोल्यांचे होमस्टे आहेत. ॲपचं कमिशन एक वेळ सोसता येईल, खरा तोटा बोलण्याचा होतो. बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा नंबर मिळत नाही, आणि ताडोब्यात तर खोली पक्की करण्याआधीच बोलावं लागतं.

नेहमीचा घोळ बघा. सफारी काढली मोहर्ली गेटची आणि खोली घेतली कोलाऱ्याला. ॲपवर दोन्ही गावं नुसती 'ताडोबा' म्हणून दिसतात. नकाशात मधे जंगल, म्हणून अंतर जवळचं वाटतं. पण कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागातून, स्वतःची गाडी नेता येत नाही, बाहेरून मोठा वळसा पडतो. पहाटेची फेरी हुकली की सफारीच्या परमिटचे पैसे बुडाले, आणि खराब रिव्ह्यू मात्र होमस्टेला.

व्हॉट्सॲपवर पहिलाच मेसेज जावा: "परमिटचा फोटो पाठवा." गेट, तारीख, सकाळ की दुपार, नावं, ओळखपत्र, सगळं त्यात सापडतं. बुकिंगला आधार दिलं असेल तर तेच मूळ कार्ड आणायला सांगा. घरून निघण्याआधी सांगितलं तरच त्याचा उपयोग.

वैनगंगा:
परमिटचं पटलं, बाकी नाही. पुण्या-बंगळुरूच्या माणसाला तुमचा नंबर मिळणार कुठून? अनोळखी गावात मुलाबाळांना घेऊन येणारा आधी रिव्ह्यू वाचतो.

दुसरं, कॅलेंडर. ॲपवर खोली गेली की ती आपोआप बंद होते. थेट बुकिंगमध्ये वडील फोनवर हो म्हणतात, पोरगा व्हॉट्सॲपवर हो म्हणतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत एका खोलीवर दोन कुटुंबं. त्यात लाइट गेली, टॉवर बसला, की दिवसभर मेसेजला उत्तर नाही. तोवर पाहुणा दुसरीकडे गेलेला असतो.

जंगलवाट:
पैशाचं बोला ना जी. थेट व्यवहारात फसवणूक फार होते. एक ठरलेला प्रकार म्हणजे "सैन्यातले साहेब येणार आहेत, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही बनावट असू शकतो. बँकेचं खातं उघडून जमा दिसल्याशिवाय खोली पक्की करू नका.

गुगल मॅपवरच्या नोंदीचंही तसंच. कोणीही 'बदल सुचवा' दाबून आपला नंबर टाकू शकतो, मग चौकशीचे फोन भलत्याकडे जातात. नोंद स्वतःच्या नावावर घ्या. पडताळणीला सहसा व्हिडिओ मागतात. त्यात बाहेरचा रस्ता, पाटी आणि कुलूप उघडून आतली खोली सलग दाखवायची. नंतरही दर आठवड्याला नंबर तपासा.

चिमूरकर:
@वैनगंगा, डबल बुकिंग व्हॉट्सॲपमुळे होत नाही, घरात दोन वह्या असल्यामुळे होतं. एकच गुगल कॅलेंडर दोन्ही फोनवर ठेवा आणि तारीख त्यात चढवल्याशिवाय कोणाला हो म्हणू नका. ज्यांना टाइप करणं जड जातं ते व्हॉइस मेसेज पाठवतात, पाहुण्यालाही ते आवडतं. आणि विदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते. ते काम ॲप करत नाही, घरमालकालाच करावं लागतं.

मोहफूल:
तुम्ही दोघंही खोली भरण्याचंच बोलता. पाहुण्याला सांगायचं काय, हे कोण बोलणार? रील बघून आलेल्याला जिप्सीसमोर, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीसमोर, उभा वाघच पाहिजे असतो, आणि काही होमस्टे स्टेटसला "आज पक्कं सायटिंग", म्हणजे वाघ नक्की दिसणार, असं टाकून ती हाव वाढवतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले. त्याचा व्हिडिओ पसरला, गाइड-चालकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून मी तर म्हणतो, ताज्या सायटिंगची जागा, पाणवठ्याचं नाव, वेळ काहीच टाकू नये. फोटो टाकायचाच तर उशिराने, लोकेशन काढून.

वैनगंगा:
@मोहफूल, यावर पूर्ण सहमत. पण तोच व्हिडिओ नसता तर गराडा कोणाला कळला असता?

@चिमूरकर, मी ॲप सोडणार नाही. तीन खोल्या असतील तर एक ॲपवर, दोन थेट. नवा पाहुणा ॲपवरून येऊ दे, पुढच्या वेळी त्याने थेट फोन करावा. बुकिंग झाल्याबरोबर त्याला एकच मेसेज पाठवायचा: गेटचं नाव, घराचं लोकेशन, थोडी रोकड आणा, कोअर मंगळवारी बंद. सफारीत मोबाइल नेता येत नाही, म्हणजे सकाळचे काही तास तो फोनवर सापडणार नाही. जेवण किती वाजता, किती माणसांचं, हे आदल्या रात्रीच विचारून घ्या.

चिमूरकर:
एक खोली चालेल. पण दिवाळी आणि मे महिन्यात तीही ॲपवरून काढा. त्या दिवसांत पाहुणे फोन करूनच येतात, मग कमिशन कशाचं द्यायचं?